किट बसवूनही पद्मिनी घाटात बंद पडते? आधी कॉइल मोजा

नाशिकहून मुंबईकडे जाताना गाडीची काहीच तक्रार नसते. सकाळची गार हवा असते आणि घाट उतरायचा असतो. परतीला दुपारी कसारा घाट चढायला लागलं की निम्म्यावर मिसिंग सुरू होतं (इंजिनाचे ठोके चुकतात), पिकअप जातो, दुसऱ्या गिअरवर आणली तरी गाडी ओढत नाही. शेवटी कडेला घेऊन थांबावंच लागतं. बॉनेट उघडून अर्धा तास बसा, सेल्फ मारा, एका झटक्यात चालू. मग इगतपुरी, घोटी, वाडीवऱ्हे करत बिचारी घरापर्यंत येते. दुसऱ्या दिवशी मिस्त्री ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा नवा पॉइंट आणि त्याला जळण्यापासून वाचवणारा नवा कंडेन्सर टाकतात, पंधरा-वीस दिवस गाडी छान पळते, आणि पुन्हा तेच.

वडिलांनी १९८६ साली घेतलेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीचं हे दुखणं मी जवळजवळ दोन वर्षं काढलं. तेवढ्या काळात पाच पॉइंट, चार कंडेन्सर, एक पेट्रोल पंप आणि शेवटी कंटाळून घेतलेलं, पॉइंटच्या जागी बसणारं एक इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट एवढं बदलून झालं. किटही नऊ आठवड्यांत गेलं. मूळ दोष कॉइलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणाऱ्या डब्यात होता आणि तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं, कारण ती ‘नवीच तर आहे’. त्याआधी एकदा रस्त्यात जुनी कॉइल गेली, तेव्हा हायवेवरच्या एका दुकानातून ही घेऊन बसवली होती. आकार तोच, रंग तोच, पट्ट्याही त्याच मापाच्या. आतली तार मात्र वेगळी.

जुन्या गाडीला किट बसवायचा विचार करणाऱ्यांनी, आणि बसवूनही त्रास भोगणाऱ्यांनी, आणखी पैसे घालवण्याआधी पाच मिनिटं मल्टिमीटर घेऊन बसावं, म्हणून सविस्तर लिहितोय. उदाहरण पद्मिनीचं आहे, पण अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड किंवा पॉइंटवाली पेट्रोल जीप असेल तरी तपासायची रीत हीच.

पेट्रोल की करंट?

घाटात बंद पडलेल्या जुन्या गाडीजवळ जो कोणी थांबतो तो एकच सांगतो: पेट्रोल लॉक झालंय, पंपावर ओला फडका ठेवा. सल्ला खोटा नाही. गरम पंपात आणि पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो, हे या गाड्यांना होतंच. मीही दोन वर्षं पाण्याची बाटली आणि फडका गाडीत ठेवत होतो, आणि दर वेळी फडका ठेवल्यावर गाडी चालू व्हायची. त्यामुळेच मी चकलो. फडक्याखाली पंप गार होत असतो, त्याच अर्ध्या तासात उघड्या बॉनेटखाली कॉइलही गार होत असते. गाडी कशामुळे चालू झाली हे त्यावरून कळतच नाही.

म्हणून गाडी बंद पडली की फडका ठेवायच्या आधी, सगळं तापलेलं असतानाच बघायचं. गाडी आधी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्या, मागे काही अंतरावर त्रिकोण ठेवा. घाटात ट्रकवाल्याला वळणावरून तुम्ही दिसत नाही.

पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि एक प्लग काढा. तो चांगलाच गरम असतो, पाना आणि कापड वापरा. प्लगचं टोक ओलं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचतंय आणि पेटत नाहीये. कोरडा असेल तर पंप, पाइप, कार्ब्युरेटर या बाजूला जा. मग सोबत नेलेला एक सुटा प्लग मधल्या जाड वायरीला लावा, म्हणजे कॉइलमधून डेल्कोच्या (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) टोपीत जाते त्या वायरीला, आणि त्याची धातूची बाजू इंजिनाला पक्की टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका, आणि हे करताना आसपास पेट्रोल सांडलेलं नाही ना ते बघा. ठिणगी निळसर, जाड आणि टक् आवाज करणारी हवी. माझी ठिणगी पिवळट आणि केसासारखी बारीक होती. गार झाल्यावर त्याच जागी, त्याच प्लगवर निळी.

सपाट रस्त्यावर चालणारी गाडी चढावरच का मान टाकते, याचं उत्तरही इथेच आहे. चढावर अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण जास्त भरतं आणि दाब वाढतो. वाढलेल्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल अर्धमेली असेल तर सपाट रस्त्यावर पाथर्डी फाट्यापर्यंत ती निभावून नेते, घाटात नेत नाही.

यानंतर कॉइलला हात लावायचा, सावधपणे, आधी बोटाच्या मागच्या बाजूने. चालत्या गाडीची कॉइल गरम असणारच, पण दोन-तीन सेकंद हात ठेवता यायला हवा. माझ्या कॉइलला बोट टेकवत नव्हतं. हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर पाच पॉइंट वाचले असते.

आणखी एक चाचणी घाटातच करता येते. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट कॉइलच्या प्लसला लावा. गाडी लगेच चालू झाली तर किल्लीचा स्विच किंवा मधली वायरिंग दोषी. ही वायर लावलेली असताना किल्ली बंद करूनही इंजिन बंद होणार नाही, ती काढावी लागेल, हे लक्षात ठेवा.

पॉइंट जळतोय, तर तो का जळतोय

आपल्या गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटरला सगळे ‘डेल्को’ म्हणतात. तो शब्द अमेरिकेतल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांतून आला. चार्ल्स केटरिंग यांनी १९०९ मध्ये ती एका भागीदाराबरोबर काढली आणि कॅडिलॅक गाड्यांना बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर चालणारं इग्निशन दिलं. पद्मिनीत तीच रचना आहे. इतक्या वर्षांची रचना टिकली ती साधी आहे म्हणून, आणि साधी असल्यामुळेच तिचा बिघाड डोळ्यांनी वाचता येतो.

पॉइंट मिटलेला असताना कॉइलच्या जाड गुंडाळीतून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडला की प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्ट तयार होतात. त्याच क्षणी जाड गुंडाळीतही दोन-तीनशे व्होल्टचा उसळा येतो. तो पॉइंटच्या फटीतून उडी मारू नये म्हणून कंडेन्सर. चार सिलिंडरच्या गाडीला इंजिनाच्या दर फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला शंभर. हा छोटा पत्रा सेकंदाला शंभर वेळा उघडमीट करतो आणि दर वेळी सगळा प्रवाह तोच तोडतो.

आता काढलेला जुना पॉइंट उन्हात धरून नीट बघा. एका बाजूला खड्डा आणि समोरच्या बाजूला टेंगूळ असेल तर धातू एकीकडून दुसरीकडे वाहतोय: कंडेन्सरची क्षमता चुकीची आहे, किंवा त्याची जोडणी सैल आहे. साधारण ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कंडेन्सर लागतो. तो तापल्यावर आतून गळायला लागतो आणि गार झाला की मीटरवर पुन्हा शहाणा दिसतो, त्यामुळे हेअर ड्रायरने तापवून मोजला तरच खरं कळतं. पॉइंटवर काळा चिकट थर असेल तर शाफ्टच्या बाजूने तेल वर येतंय, किंवा कोणी पॉइंट उघडणाऱ्या कॅमला ग्रीस जास्त लावलंय. आणि दोन्ही बाजू सारख्याच जळालेल्या, पत्राही निळसर झालेला असेल, तर पॉइंटमधून पेलण्यापेक्षा जास्त प्रवाह जातोय. माझे पाचही पॉइंट असे निळे होते. मी ते एका डब्यात जपून ठेवले होते, पण ओळीने मांडून बघितले ते फार उशिरा.

पॉइंट पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवायची सवय आपल्याकडे आहे. घाटात अडकलात तर जरूर करा. घरी आल्यावर बदला, कारण घासलेल्या पृष्ठभागावर तो आणखी लवकर जळतो. नवा बसवताना फायबरच्या टाचेवर डेल्कोचं ग्रीस मुगाच्या अर्ध्या दाण्याएवढं लावा. कोरडी टाच लवकर झिजते, फट कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, हळूहळू मागे सरकतं. लुकासच्या डिस्ट्रिब्युटरला फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. तुमच्या गाडीत दुसरा बसवलेला असेल तर त्याचं माप पुस्तकात बघा, पद्मिनीत वेगवेगळे बसलेले आढळतात.

कॉइल कशी मोजायची

कॉइलच्या दोन्ही बाजूंच्या वायरी काढा. मल्टिमीटर २०० ओमवर ठेवा आणि आधी त्याच्या दोन सळ्या एकमेकींना टेकवा. शून्य येत नाही, ०.३ किंवा ०.४ येतं. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध आहे, तो वजा करायचा. इतक्या लहान मापात हे विसरलं तर सगळा हिशेब चुकतो. मग कॉइलच्या प्लस आणि मायनसमध्ये मोजा. रेझिस्टर न लावता थेट १२ व्होल्टवर चालणाऱ्या कॉइलला साधारण ३ ओम यायला हवेत. माझ्या मीटरवर १.९ आले, त्यातून ०.४ गेले, उरले दीड.

दीड ओमची कॉइल वाईट नसते. ती बाहेरून रेझिस्टर लावून वापरायची असते. अशा गाड्यांत किल्लीपासून कॉइलकडे जाताना वाटेत दीड ओमच्या आसपासचा रेझिस्टर असतो, पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यात किंवा वायरिंगमधल्या खास तारेच्या रूपात. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज दहाच्या आसपास उतरतं, तेवढ्यापुरता हा रेझिस्टर वगळून कॉइलला थेट पुरवठा मिळतो आणि गाडी पटकन पेटते. चांगली सोय आहे. आमच्या पद्मिनीत मात्र हा रेझिस्टर नव्हताच. कॉइल पुसून साफ केल्यावर खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं: बाहेरचा रेझिस्टर लावूनच वापरा.

हिशेब शाळेच्या पुस्तकातला आहे. चालत्या गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. ३ ओमची कॉइल असेल तर पॉइंट मिटलेला असताना जास्तीत जास्त ४.७ अँपिअर वाहतात आणि कॉइलमध्ये ६५ वॉटची उष्णता होते. दीड ओमची असेल तर ९.३ अँपिअर आणि १३० वॉट. चार सिलिंडरच्या गाडीत दोन-तृतीयांश वेळ पॉइंट मिटलेलाच असतो. म्हणजे मुठीएवढ्या डब्यात जुन्या शंभराच्या बल्बच्या जवळपास उष्णता सतत, वर शेजारी तापलेलं इंजिन.

यातून आणखी एक कोडं सुटलं. नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला गर्दीत दहा मिनिटं अडकलो की पुढे मुंबई नाक्याच्या आत गाडी मिसिंग मारायची, आणि सगळे म्हणायचे रेडिएटर बघा. वेगात पॉइंट इतक्या भराभर उघडतो की कॉइलमधला प्रवाह पूर्ण वाढायच्या आतच तुटतो. आयडलला त्याला वाढायला भरपूर वेळ मिळतो, म्हणून कॉइल सगळ्यात जास्त तापते ती उभ्या गाडीत. तापली की तारेचा रोध वाढतो, आतलं इन्सुलेशन कच खातं आणि ठिणगी पिवळी पडते.

उपाय दोन आहेत. योग्य रेझिस्टर लावा, किंवा ३ ओमची कॉइल घ्या. मी कॉइल बदलली. ज्या गाडीत मुळात रेझिस्टर नाही तिथे तो घालून एक जोडणी वाढवण्यात मला अर्थ वाटत नाही. दुकानात मीटर घेऊन जा आणि काउंटरवरच मोजा. मी नाशिकमध्ये तीन कॉइल मोजल्या, त्यातल्या दोन दीड ओमच्या निघाल्या, आणि दुकानदार तिन्ही ‘फियाटच्याच’, म्हणजे पद्मिनीच्याच, म्हणून देत होते. फसवायचा हेतू नव्हता, त्यांच्याकडे खोक्यावर तसंच लिहिलेलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हापासून तर या गाडीचे भाग बारकाईने ओळखणारी माणसं कुर्ल्याच्या बाजारातही कमी होत चालली आहेत. मोजणं आता आपणच शिकायला हवं.

डेल्कोच्या आतली दोन लपलेली दुखणी

कॉइल बदलल्यावर घाटातलं बंद पडणं थांबलं. बारीक मिसिंग राहिलं, विशेषतः अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की. त्याचं कारण शोधायला आठवडा गेला.

टोपीखाली फिरणारा रोटर काढा आणि मधला शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा. हलता कामा नये. मी अंबडला टूलरूममध्ये उभी हयात काढली आहे, त्यामुळे डायल गेज घरात होता. लावून बघितला तर सहा थाऊ, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर. ०.४० ची फट जिथे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) जीव ओतून लावायची, तिथे शाफ्टच ०.१५ इकडेतिकडे नाचत असेल तर त्या फटीला काय अर्थ? दर सिलिंडरला वेगळी फट, वेगळं टायमिंग. डायल गेज नसेल तर ड्वेल (पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते) दाखवणारा मीटर लावा. आयडलला आणि २,००० आरपीएमला ड्वेलमध्ये तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडला तर शाफ्टला आधार देणारे बुश झिजले आहेत असं समजा. सातपूरला एका लेथवाल्या मित्राकडून गनमेटलचे बुश करून घेतले. शाफ्टचं माप घेऊन ते रीमर करून बसवायचे असतात, ठोकून बसवून लगेच वापरायचे नसतात.

दुसरं दुखणं याहून कपटी. पॉइंट ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा इंजिनाच्या हवेच्या ओढीने, म्हणजे व्हॅक्यूमने, थोडा फिरतो, आणि त्याच्या अर्थिंगसाठी आत एक छोटी विणलेली वायर असते. वर्षानुवर्षं वाकून ती आतून तुटते, वरचं कापड मात्र शाबूत. गाडी उभी असताना टोकं टेकलेली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पत्रा फिरतो आणि टोकं सुटतात. बोटाने पत्रा फिरवत फिरवत पत्रा आणि डेल्कोची बॉडी यांमध्ये ओम मोजा. आकडा क्षणभरही उडला तर वायर बदला. साधी जाड वायर लावू नका, ती पत्र्याला अडवते आणि पुन्हा तुटते. स्पीकरची मऊ विणलेली वायर चालते.

बाहेरची अर्थिंगही इथेच बघून घ्या. इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या पट्टीच्या दोन्ही टोकांचा गंज घासून काढा. किल्ली चालू, पॉइंट मिटलेला असताना बॅटरीच्या मायनसपासून डेल्कोच्या बॉडीपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये.

पावसाळ्यात सकाळी गाडी घेतच नसेल, मायको सर्कलच्या पाण्यातून गेल्यावर फडफडत असेल, तर ते दुखणं वेगळं. टोपी काढून आतून पुसा आणि पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसते का बघा. तिथून करंट पळतो. टोपी बदलणं हाच उपाय, रेघ खरवडून काही होत नाही. रात्री अंधारात इंजिन चालू करून प्लग वायरींकडे बघितलं तर गळणारा करंट निळा चमकताना दिसतो.

आता किट

हे सगळं झाल्यावर मी दुसरं किट बसवलं, आणि ते उत्तम चालतंय. पहिलं का गेलं तेही आता कळलं. पॉइंटचं काम किटमधला ट्रान्झिस्टर करतो: कॅमवर चुंबकांची एक रिंग बसते, ती फिरताना समोरचा सेन्सर ओळखतो आणि प्रवाह जोडतो-तोडतो. घासणारं काही नाही, त्यामुळे झीज नाही. पण कॉइल जेवढा प्रवाह ओढेल तेवढा त्यालाही पेलावा लागतोच. चार सिलिंडरच्या गाडीला कॉइल कमीत कमी ३ ओमची हवी असं बरेच किट बनवणारे सांगतात, आणि मी ते दीड ओमच्या कॉइलवर चालवत होतो. त्यात वायपर दुरुस्त करताना किल्ली बराच वेळ चालू ठेवली, इंजिन बंद. त्या दिवशीच ते संपलं. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवू नका, हे पॉइंटवाल्यांनाही लागू आहे, किटवाल्यांना तर फारच.

बसवताना आधी बॅटरीचा मायनस काढा. रोटर आणि टोपी काढली की पॉइंट आणि कंडेन्सर त्यांच्या पत्र्यासकट निघतात. किटची पट्टी त्याच स्क्रूवर बसते, रिंग कॅमवर दाबून बसवायची. रिंग आणि सेन्सर यांच्यातली फट किटसोबतच्या कागदाप्रमाणे ठेवा आणि सेल्फ मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून कुठे घासत नाही ना ते बघा. म्हणून बुशचं काम आधी. साधारणपणे लाल वायर कॉइलच्या प्लसकडे, काळी मायनसकडे. उलट लावली तर बहुतेक किट तत्क्षणी मरतं. तुमच्या गाडीला रेझिस्टर असेल तर लाल वायर त्याच्या आधी, जिथे पूर्ण बारा व्होल्ट मिळतात तिथे जोडा. पद्मिनीत बॅटरीचा मायनस बॉडीला असतो, पण जुन्या विलायती गाड्यांत प्लस बॉडीला असू शकतो. त्यांना किट वेगळं लागतं.

चाळीस वर्षांच्या किल्लीच्या स्विचवर भरवसा ठेवू नका. माझ्या बॅटरीवर १२.५ आणि नव्या कॉइलच्या प्लसवर ११.६ दिसत होते. ठिणगीची ताकद प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे जवळजवळ एक व्होल्टची गळती म्हणजे दहा-बारा टक्क्यांहून जास्त ताकद गेली. साधा चार पायांचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) घ्या. कॉइलकडे येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थला, बॅटरीपासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून नवी वायर ३० ला, आणि ८७ वरून कॉइलचा प्लस व किटची लाल वायर. शंभर-दीडशे रुपयांचं काम. आता कॉइलवर १२.४ मिळतात.

तांब्याच्या तारेच्या साध्या प्लग वायरी असतील तर कार्बनच्या, रोध असलेल्या घ्या. तांब्याच्या वायरींतून रेडिओला खरखर येते आणि काही किट त्या गोंधळाने मिसिंग मारतात. किट बसवल्यावर प्लग वायर काढून हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या किंवा किटच्या आतून वाट काढते. तपासायचं असेल तर सुटा प्लग लावून, अर्थ करूनच. प्लगची फट मी ०.६ वरून ०.७ मिलिमीटर केली. १ मिलिमीटरपर्यंत न्या असं सांगणारे भेटतात, मी नेणार नाही. त्याचा ताण जुन्या टोपीवर आणि रोटरवर येतो.

टायमिंग मात्र पुन्हा लावावंच लागतं. सेन्सर जिथे उघडतो ती जागा आणि पॉइंट जिथे उघडायचा ती जागा एक नसते. पद्मिनीचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. व्हॅक्यूमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा, आयडलला टायमिंग लाइट लावा आणि पुस्तकातल्या खुणेवर आणा. कानाने लावणारे जुने मिस्त्री फार तरबेज असतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण कान ज्या पेट्रोलवर तयार झाले ते पेट्रोल आता नाही. शिसं २००० साली गेलं आणि आता २० टक्के इथेनॉल आलं. टकटक न होता टायमिंग बरंच पुढे जातं, आणि कानाला ते चांगलंच वाटतं, इंजिन तापेपर्यंत.

काढलेला जुना पत्रा फेकू नका. मी त्यावर नवा पॉइंट आणि कंडेन्सर लावून, फट लावून, तो प्लास्टिकच्या डब्यात डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला आहे, सोबत स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज. किट घाटात गेलं तर दुरुस्त होत नाही, पॉइंट वीस मिनिटांत बसतो.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता, चार माणसं आणि आंब्यांच्या दोन पेट्या घेऊन कसारा चढलो. वर इगतपुरीला मुद्दाम थांबून बॉनेट उघडलं आणि कॉइलवर हात ठेवला. गरम होती, पण हात ठेवता येत होता. सकाळी गार इंजिनावर आयडल अजून वरखाली होतो. तो कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलच्या दांड्यापाशी हवा ओढतोय असं दिसतंय, दिवाळीच्या आधी तो उघडणार आहे.